ते हेर नव्हते

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलसाठी. निळा समुद्र, प्रवाळ, हॅवलॉकचा किनारा हे असतंच. पण साताऱ्या-सांगलीकडून निघालेल्या साठीपुढच्या मंडळींना विचारलं, तर सावरकरांच्या कोठडीसमोर एकदा उभं राहायचं एवढ्यासाठी त्यांनी पेन्शनमधून पैसे बाजूला टाकलेले असतात. निवृत्तीनंतर मी अशाच लोकांना घेऊन अंदमानला जात आलो. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवण्यात नोकरी गेली होती. त्यामुळे राहण्याजेवणाची व्यवस्था प्रवास कंपनीकडे आणि सांगण्याचं काम माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. या सांगण्यात माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्यांनी काही माणसं दुखावली. त्या लिहून ठेवतो आहे, कारण माझ्यासारखे सांगणारे पुष्कळ आहेत आणि विश्वासाने ऐकणारे त्याहून कितीतरी जास्त.

माझं सांगणं जेलच्या दारातून सुरू व्हायचं. 1906 साली बांधून पुरा झालेला तुरुंग, मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, त्यांतल्या आज उरलेल्या तीन. 1911 साली आलेले सावरकर, कोलू, काथ्या कुटणं. 1933 च्या उपोषणात जबरदस्तीने नळीवाटे दूध घातल्यामुळे गेलेले महावीर सिंह, मोहितमोहन मैत्र आणि मोहनकिशोर नामदास. 1937-38 मध्ये राजबंदी मायभूमीला परत गेले, की तिथून मी एकदम 30 डिसेंबर 1943 वर यायचो: जिमखाना मैदान, नेताजी, तिरंगा, अंदमान-निकोबारला दिलेली शहीद आणि स्वराज ही नावं. इथे ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे, माझाही आवाज जड व्हायचा. मधला काळ मी ‘जपान्यांनी बेटं इंग्रजांकडून मुक्त केली’ एवढ्या एका वाक्यात उरकत असे. गटातल्या प्रत्येकाला आम्ही एक पुस्तिका द्यायचो. ती मीच लिहिलेली. तिच्यातही हेच वाक्य छापलेलं आहे.

आमचा एक ठरलेला ड्रायव्हर होता. तिथलाच, लोकल बॉर्न. काळ्या पाण्याची शिक्षा भोगून तिथेच वसलेल्या कैद्यांच्या वंशजांना अंदमानात हे नाव आहे. तो मितभाषी होता, पण वंडूरच्या दिवशी एक प्रश्न न चुकता विचारायचा, ‘‘साहब, हमफ्रीगंज रुकना है?’’ तिथे जपान्यांनी काही लोकांना मारलं, त्यांचं स्मारक आहे, एवढं त्याने पहिल्यांदाच सांगितलं होतं. मी नको म्हणायचो. वंडूरहून जॉली बॉयची बोट सकाळी लवकर सुटते, ती गाठायची घाई. परतताना सगळे ओल्या कपड्यांत, दमलेले, भुकेलेले. शिवाय जे आपल्या कार्यक्रमात छापलेलं नाही ते दाखवायचं आणि मग कुणी म्हणायचं की आमचा वेळ घालवला, ही धास्ती. तो ‘ठीक है साहब’ म्हणून गाडी पुढे काढायचा. त्याच्या घरातला कुणी त्या स्मारकावरच्या नावांत असेल असं माझ्या मनातही आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

त्याच सहलींत आम्ही कॉर्बिन्स कोव्हच्या रस्त्यावर थांबून जपानी बंकरमध्ये फोटो काढायचो. काँक्रीटच्या फटीतून कुणीतरी बंदूक रोखल्याची पोझ घ्यायचं, बाकीचे हसायचे. चाथमच्या लाकूड गिरणीत बॉम्बने पडलेला खड्डा आम्ही पाहायचो. लांबालाइनच्या विमानतळावर उतरायचो. ते बंकर खणायला आणि त्या भागातली धावपट्टी करायला जपान्यांनी इथल्याच माणसांना वेठीला धरलं होतं. म्हणजे जपानी अंमलाच्या खुणांवरून माझा गट रोज ये-जा करत होता आणि त्या अंमलाबद्दल मी एक वाक्य सांगत होतो, तेही खोटं.

‘मुक्त केली’ म्हणजे काय झालं होतं, ते आता नीट सांगतो. 23 मार्च 1942 ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. लढाई अशी झालीच नाही. इंग्रजांचं बरंचसं सैन्य आणि अधिकारी आधीच निघून गेले होते. पुष्कळ लोकांनी जपान्यांचं स्वागतही केलं, कारण त्यांच्या घराघरांत इंग्रजांनी आणून टाकलेल्या कैद्यांचा इतिहास होता. पण पहिल्या दोन-तीन दिवसांतच कोंबड्यांच्या मागे लागलेले सैनिक एका घरात शिरले. झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने एअरगन झाडली. कुणाला काही झालं नाही. तो लपला, पण त्याला हजर केलं नाही तर वस्ती जाळू अशी धमकी आली. तो सापडल्यावर त्याला अ‍ॅबरडीनच्या मैदानात सगळ्यांसमोर हात पिरगाळून, हाल करून गोळ्या घातल्या. त्याचं छोटं स्मारक शहरातच आहे. त्याच्यासमोरून आमची गाडी रोज बाजारात जायची.

यानंतर जे झालं त्याच्या मुळाशी एक गोष्ट होती. जपान्यांची रसद समुद्रावरून यायची आणि इंग्रजांच्या पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. जहाज नेमकं केव्हा आणि कुठून येणार हे शत्रूला कळतं, तर कुणीतरी आतून कळवत असणार, असा जपान्यांनी तर्क केला. खरंच कळवणारे होते. डेनिस मॅकार्थी हा अंदमानात पूर्वी पोलीस अधिकारी असलेला इंग्रज जानेवारी 1943 मध्ये पाणबुडीतून आपल्या छोट्या तुकडीसह किनाऱ्यावर गुपचूप उतरला होता आणि जंगलात राहून माहिती काढत होता. तो जपान्यांच्या हाती लागला नाही. हाती होते ते पोर्ट ब्लेअरचे रहिवासी: पोलीस, कारकून, डॉक्टर, शिक्षक, दुकानदार. त्यांना पकडून सेल्युलर जेलमध्ये टाकलं. छळ करून एकाकडून दुसऱ्याचं नाव वदवून घ्यायचं, दुसऱ्याकडून तिसऱ्याचं, आणि अशा कबुलीजबाबांवर खटला चालवायचा. मार्च 1943 च्या अखेरीस नारायण राव या पोलीस अधिकाऱ्यासह सात जणांना गोळ्या घातल्या.

डॉ. दिवाणसिंग हे नाव मराठीत फारसं कुणाला माहीत नाही, मलाही नव्हतं. सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, पंजाबीतले कवी. ‘कालेपानी’ हे बिरूद त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं. अंदमानातल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे ते प्रमुख होते. म्हणजे जिच्या बळावर पूर्व आशियात स्वातंत्र्याची चळवळ उभी होती, त्याच संघटनेचे. लोकांवर होणाऱ्या जुलमाबद्दल ते जपान्यांशी बोलत राहिले आणि ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांनाच हेर ठरवून आत टाकलं. 82 दिवस त्यांचे हाल केले. 14 जानेवारी 1944 ला ते गेले. आता तारखा एकमेकींशेजारी ठेवून पाहा. नेताजी 29 डिसेंबर 1943 ला आले, 30 तारखेला झेंडा फडकला. त्या दिवशी दिवाणसिंग आणि लीगचे कितीतरी लोक तुरुंगात होते. नेताजी पूर्ण वेळ जपान्यांच्या गराड्यात होते आणि इथल्या माणसांशी त्यांची मोकळेपणाने भेट होऊ दिली गेली नाही, असं या काळावर लिहिणाऱ्या बहुतेकांनी नोंदवलं आहे. पुढे त्यांनी प्रशासक म्हणून नेमलेल्या कर्नल लोगनाथन यांच्या हाती जपान्यांनी पोलीस खातं कधी दिलंच नाही.

झेंडा फडकल्यानंतर बरोबर एक महिन्याने, 30 जानेवारी 1944 ला, तुरुंगातल्या 44 जणांना गाड्यांत घालून हम्फ्रीगंजला नेलं. चर खणून ठेवले होते. तिथे त्यांना मारलं आणि तिथेच पुरलं. यातले बहुतेक जण लीगचे सभासद होते.

इतकं मला तेव्हा माहीत नव्हतं. जे कळलं होतं ते अर्धवट, आणि त्या अर्धवट माहितीच्या जोरावर मी भाषण केलं. ती माझी सगळ्यात मोठी चूक.

ते असं झालं. एका वर्षी गटाच्या तारखा जानेवारीच्या अखेरीला आल्या. हम्फ्रीगंजला दर 30 जानेवारीला श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो, हे मी कुठेतरी दोन ओळींच्या बातमीत वाचलं. बातमीत एवढंच होतं की हेरगिरीच्या आरोपावरून जपान्यांनी 44 भारतीयांना मारलं. माझं लहानपण इंग्रजांविरुद्ध लढलेल्या पत्री सरकारच्या गोष्टी ऐकण्यात गेलेलं. आमच्या गावात भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या बायका होत्या, निरोप पोचवणारी पोरं होती, ती म्हातारी झालेली मी पाहिली आहेत. त्यामुळे ‘हेरगिरीचा आरोप’ वाचल्याबरोबर माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं ते साताऱ्याचं: रात्रीचे निरोप, लपवलेली कागदपत्रं, जिवावर उदार झालेले तरुण. आरोप खोटा असू शकतो हा विचारसुद्धा मला शिवला नाही. परकीय सत्तेने हेर म्हटलं म्हणजे आपला तो वीर, असं गणित मनात इतकं पक्कं होतं की पुस्तक उघडून बघावं असंही वाटलं नाही.

मी गटाला आदल्या रात्री सांगितलं की उद्या आपण एका अज्ञात वीरांच्या समाधीवर जाणार आहोत. सगळ्यांना मनापासून आनंद झाला. पुरुषांनी सेल्युलर जेलसाठी आणलेले भगवे फेटे बांधले, बायकांनी ओटीचं सामान घेतलं. आमच्याकडे गटाचा मोठा फ्लेक्स होता, तोही घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा सरकारी कार्यक्रम होऊन गेला होता. पुष्पचक्रं ठेवलेली होती. घरची माणसं मात्र अजून होती. कुणी नावांजवळ फूल ठेवत होतं, एक आजी खुर्चीवर बसल्या होत्या, दोन-तीन मुलं शाळेच्या गणवेशात. कुटुंबं एकेक करून पुढे येत होती. घाई नव्हती. आम्ही मोठ्या संख्येने आत गेलो आणि फोटोसाठी सरळ समोर जाऊन उभे राहिलो. फ्लेक्स उघडला. तो नावांच्या बरोबर पुढे आला. मागे कोण उभं आहे, कुणाला पुढे यायचं आहे, हे मी पाहिलं नाही. मी गटप्रमुख होतो, पाहायचं काम माझं होतं. घोषणा झाल्या. मग कुणीतरी म्हणालं, सर, दोन शब्द बोला.

मी हिंदीत बोललो, तिथल्या लोकांनाही कळावं म्हणून. म्हणालो की या 44 वीरांनी जपान्यांच्या नाकाखाली राहून त्यांच्या बातम्या बाहेर पोचवल्या, प्राण गेले तरी तोंड उघडलं नाही, आमच्या साताऱ्याच्या भूमिगतांसारखेच हे भूमिगत होते. माझ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, ‘‘आप दूर से आए, अच्छा किया। पर ये लोग जासूस नहीं थे, साहब।’’ मी गडबडीने म्हणालो की मी तर त्यांचा गौरवच करतोय. ते म्हणाले, ‘‘जापानी ने जासूस कहा, फिर मारा। घर में मेरी दादी मरते दम तक बोलती रही कि इसने कुछ नहीं किया था। आप फिर वही कह रहे हैं।’’

मला काही उत्तर नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला, पण गटासमोर ताबडतोब ‘मी चुकलो’ असं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं, त्याच जागी, त्याच आवाजात, ज्या आवाजात भाषण केलं होतं. बसमध्ये बसल्यावर मी विषय बदलला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण घरी गेले ते माझी खोटी कहाणी घेऊन.

या माणसांच्या घरांत हा प्रश्न किती खोल गेला आहे, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं. त्याच्या आजीचा भाऊ त्या 44 जणांत होता. छळाखाली माणसांनी एकमेकांची नावं घेतली होती. कुणी कुणाचं नाव घेतलं, हे वस्तीतल्या लोकांना पुढे वर्षानुवर्षं ठाऊक होतं किंवा ठाऊक असल्यासारखं वाटत होतं. त्याच गावात, त्याच बाजारात, लग्नकार्यात ती घरं एकमेकांसमोर येत राहिली. अशा ठिकाणी ‘ते खरोखरच बातम्या पोचवत होते’ असं बाहेरचा माणूस मोठ्या आवाजात सांगतो, तेव्हा तो कुणाला तरी पुन्हा अपराधी ठरवत असतो. ड्रायव्हर हे सगळं गाडी चालवत, समोर बघत सांगत होता. इतकी वर्षं तो मला थांबायला का सांगत होता, ते मी त्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, ‘‘आप पढ़ाने वाले हैं, आप बताएँगे तो लोग सुनेंगे।’’

पुढची चूक याहून वाईट, कारण ती अज्ञानातून झालेली नाही. त्या गृहस्थांना भेटायला मी दुसऱ्या दिवशी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं थोडंफार सांगितलं. अटकेनंतर जेवणाचा डबा घेऊन जेलच्या दारात उभी राहणारी आजी, एके दिवशी डबा परत येणं, कुणी काही न सांगणं. मी मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. बोलता बोलता ते नेताजींच्या भेटीबद्दल म्हणाले की घरच्यांना आशा होती, नेताजी आले म्हणजे आता सुटतील. पुढे ते म्हणाले की नेताजींना काही कळू दिलं नसेल, त्यांचा दोष आम्ही कधी मानला नाही. मी ते रेकॉर्डिंग गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, सद्भावनेने, सगळ्यांना खरं कळावं म्हणून. फाइल मोठी होती म्हणून मधला तुकडा कापून टाकला. आशेचं वाक्य त्यात राहिलं, दोष न मानण्याचं वाक्य कापलं गेलं.

ती क्लिप गटाबाहेर गेली. तिच्यावर कुणीतरी ओळ लिहिली की नेताजींनी आपल्याच माणसांना जपान्यांच्या हाती सोडलं. निवडणुकीचे दिवस होते, भांडायला लोकांना काहीही पुरत होतं. फिरत फिरत ती पोर्ट ब्लेअरला पोचली. त्या गृहस्थांच्या मुलाचा फोन आला. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त विचारलं, ‘‘आपने पापा से पूछा था क्या?’’ मी क्लिप काढून टाकली, गटातल्या प्रत्येकाला फोन करून काढायला सांगितलं. पण बाहेर गेलेली वस्तू परत येत नाही. ते गृहस्थ त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि यावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही.

परत आल्यावर मी वाचायला बसलो. जे आधी करायचं ते शेवटी केलं. जपानी अंमलावरचं जयंत दासगुप्तांचं ‘रेड सन ओव्हर ब्लॅक वॉटर’ हे इंग्रजी पुस्तक वाचलं आणि मग माझ्या पुस्तिकेकडे पाहवेना. हम्फ्रीगंजनेही सगळं संपलं नव्हतं. 1945 च्या ऑगस्टमध्ये, जपान शरणागतीच्या उंबरठ्यावर असताना, बेटावर अन्न उरलं नव्हतं. तेव्हा खाणारी तोंडं कमी करायची म्हणून म्हाताऱ्या, आजारी आणि निरुपयोगी ठरवलेल्या शेकडो लोकांना ‘तुम्हाला दुसऱ्या बेटावर शेतीसाठी वसवतो’ असं सांगून जहाजांत चढवलं. हॅवलॉकजवळ त्यांना रात्री समुद्रात उतरायला लावलं. पुष्कळ जण बुडाले. जे किनाऱ्याला लागले, त्यांच्यासाठी तिथे काहीच नव्हतं. ते उपासमारीने मेले. इंग्रज परत आले तेव्हा हकिगत सांगायला जेमतेम कुणी उरलं होतं. जपान्यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली ती ऑक्टोबर 1945 मध्ये, त्याच जिमखाना मैदानावर, जिथे नेताजींनी झेंडा फडकवला होता. आमचा गट हॅवलॉकला दोन रात्री राहायचा. संध्याकाळी वाळूत अंताक्षरी व्हायची. लोकांनी तिथे आनंद करू नये असं मी म्हणत नाही. पण ज्याला इतिहास सांगायला म्हणून बरोबर नेलं होतं, त्याला हे ठाऊक नसणं अक्षम्य आहे.

एक प्रश्न मला गटातले लोक तेव्हापासून विचारतात: हे सांगितलं तर नेताजींचा अपमान होत नाही का? मला तसं वाटत नाही. हम्फ्रीगंजला मेलेले लोक नेताजींच्याच लढ्यातले होते. त्यांची नावं न घेता त्या झेंड्याची गोष्ट सांगणं, हा मला अपमान वाटतो. सावरकरांच्या कोठडीचंही तसंच. तिच्यासमोर डोकं टेकवणाऱ्या माणसाला त्याच तुरुंगात 1943 साली कोण कोंडलं होतं हे सांगितलं, तर त्याची भक्ती कमी होत नाही. मी पाहिलं आहे, तो आणखी वेळ थांबतो. जपान्यांबद्दलही एक सांगतो. माझ्या गटात कुणीतरी ‘ती जातच क्रूर’ असं म्हणतं, तेव्हा मी अडवतो. हे एका लष्करी सत्तेने केलं, भीतीपोटी, रसद तुटल्यावर, कबुलीजबाब हाच पुरावा मानून. ज्या कारणांनी ते घडलं ती सांगता आली पाहिजेत. ‘जात’ म्हटलं की कारणं शोधायची गरजच उरत नाही.

आता पुस्तिकेचं. ती पाच-सहाशे घरांत तरी गेली असेल. नव्या आवृत्तीत मी ते पान बदललं आहे, पण जुन्या प्रती लोकांच्या कपाटांत आहेत, काहींनी शाळांना भेट दिल्या आहेत. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी ‘मुक्त केली’ हे शब्द कृपया खोडावेत आणि समासात लिहावं की 1942 ते 1945 या काळात जपानी लष्कराने बेटांवर कब्जा केला आणि हेरगिरीच्या खोट्या आरोपांखाली व उपासमारीने शेकडो भारतीयांचे प्राण घेतले. विद्यार्थ्यांसमोर कुणी ती वाचून दाखवत असेल, तर ही दुरुस्तीही वाचून दाखवावी.

आणि सहली नेणाऱ्यांना माझी विनंती. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 साली श्री विजयपुरम झालं, कार्यक्रमपत्रिका नव्याने छापाव्याच लागतील. त्यात वंडूरच्या दिवशी हम्फ्रीगंजसाठी वेळ ठेवा. वाट थोडी वाकडी होईल, बोटीच्या वेळा आदल्या दिवशी नीट जुळवाव्या लागतील, एवढंच. जाण्याआधी जपानी अंमलाच्या त्या साडेतीन वर्षांबद्दल लोकांना बसमध्ये सांगा, स्मारकाशी पोचल्यावर नको. 30 जानेवारीला गेलात तर ध्यानात ठेवा की तो दिवस आपण देशभर गांधीजींसाठी पाळतो आणि तिथली घरं त्याच्या चार वर्षं आधीपासून आपल्या माणसांसाठी पाळतात. त्यांचं होईपर्यंत मागे उभे राहा. फ्लेक्स हॉटेलवर ठेवा. कुणाशी बोलणं झालं आणि काही टिपून घ्यायचं असेल, तर आधी विचारा आणि नाही म्हणाले तर मोबाइल खिशात टाका. नावं शेवटपर्यंत वाचा. 44 नावं सावकाश वाचायला पाच मिनिटांहून जास्त लागत नाहीत. बोलायची वेळ आलीच, तर त्यांना वीर म्हणायच्या आधी ती माणसं निर्दोष होती, हे सांगा.